पाऊण फेरा

गाडीखाली ऑइलचा थेंब दिसला की उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातला जाणता मिस्त्री आधी फिल्टरकडे बघत नाही, वर बघतो. तेल उतारानं खाली येतं आणि धावत्या गाडीत वारा ते मागे ढकलतो. टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं किंवा शेजारचा प्रेशर स्विच पाझरला, तरी थेंब लटकतो तो बहुतेक वेळा फिल्टरच्या बुडाला, आणि मालक फिल्टर बदलून घ्यायला येतो. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका गॅरेजात हा घोळ सोडवायला टाल्कम पावडरचा डबा ठेवलेला असतो. पेट्रोलचं फडकं मारून भाग कोरडा करायचा, पावडर उडवायची आणि इंजिन चालू करायचं. जिथली पावडर आधी काळवंडते, तिथे दुखणं. "शेठ, हे वरून उतरतंय. फिल्टर बिचारा नुसता भिजलाय," असं ऐकून कित्येक मालक नवा फिल्टर परत पिशवीत टाकून घरी जातात.

गळती फिल्टरचीच निघाली, तर बहुतेक वेळा दोष रबराचा नसून ते बसवणाऱ्या हाताचा असतो.

बहुतेक लहान गाड्यांचा फिल्टर म्हणजे पत्र्याचा बंद डबा. त्याच्या तोंडावर कडेनं छोटी भोकं, मध्ये आटे पाडलेलं मोठं भोक आणि या सगळ्याला वेढणारी काळ्या नायट्रिल रबराची रिंग. पंपातलं तेल कडेच्या भोकांनी आत शिरतं, कागदातून गाळलं जातं आणि मधून इंजिनात जातं. गाळण्याआधीचा सगळा दाब त्या रिंगवर. रिंग सहा सेंटीमीटर व्यासाची धरली तर आतलं क्षेत्रफळ 28 चौरस सेंटीमीटर भरतं. दाब चार किलो असला, तर डब्याला इंजिनापासून लोटणारा जोर शंभर किलोच्या पुढे जातो. आटे तो जोर पेलतात. तेल अडवणं मात्र रबराचं काम.

म्हणून बसवण्याची रीत ठरलेली आहे. रिंगला बोटानं ताजं ऑइल लावायचं, डबा हातानं फिरवत रिंग इंजिनाला टेकेपर्यंत न्यायचा आणि तिथून पुढे पाऊण फेरा. इंचाला सोळा आटे असले, तर पाऊण फेऱ्यात रबर जेमतेम 1.2 मिलिमीटर दाबलं जातं. एवढं पुरतं. कोरडी रिंग मात्र इंजिनाच्या तोंडावर घसरत नाही, पिळली जाते. हाताला घट्ट लागतं आणि एका बाजूला फट राहते. चेन पाना लावून आवळणाऱ्याला आपण गळतीचा बंदोबस्त केला असं वाटतं. प्रत्यक्षात रबर चिरडून त्याचं परत उसळणं संपलेलं असतं, आणि पुढच्या सर्व्हिसिंगला तोच डबा निघता निघत नाही. मग कुणीतरी स्क्रू-ड्रायव्हर आरपार ठोकून तो फिरवतो, पत्रा फाटतो, आणि शिव्या खातो आधीचा मिस्त्री. (त्या त्यानं कमावलेल्या असतात.)

सगळ्यात वाईट चूक दुहेरी रिंगची. जुना डबा काढताना त्याची रिंग इंजिनाला चिकटून राहते. काळ्यावर काळं, चटकन दिसत नाही. नवा डबा तिच्यावरच बसतो. नव्या रिंगला डब्यातली खाच धरून ठेवते. जुनीला बाजूनं आधार नसतो. इंजिन थंड असताना जाड तेलाचा दाब चढला की ती सटकते, आणि तीन-साडेतीन लिटर तेल पाहता पाहता रस्त्यावर. दाबाचा लाल दिवा लागल्यावरही "पुढच्या चौकापर्यंत जाऊ" म्हणणाऱ्याचं इंजिन जॅम होतं. ही चूक नवी नाही. अ‍ॅम्बॅसडरच्या जुन्या इंजिनात वाटीतला फिल्टर असे. त्याची रिंग वरच्या खाचेत बसायची आणि टोच्यानं उकरून काढावी लागे, नाहीतर नवी तिच्यावरच बसे. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली, फिरवून बसवायचा डबा गल्लीगल्लीत पोचला, आणि जुनी चूक नव्या डब्यातही शिरली.

या पट्ट्यात तिला पावसाचीही साथ मिळते. 26 जुलै 2005 ला उल्हास आणि वालधुनी या दोन्ही नद्या फुगल्या. 2019 च्या जुलैत बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. अशा पुरानंतर इंजिनातलं तेल दुधाच्या चहासारखं होतं. एकदा बदलून भागत नाही. तेल आणि फिल्टर थोड्या थोड्या अंतरानं दोन-तीनदा बदलावे लागतात. बाहेर गाड्यांची रांग, आत चिखल, हातात विजेरी. घाईत कुणी इंजिनाच्या तोंडावरून बोट फिरवायचं विसरलं की झालं.

सीएनजीचा भाग वेगळा. गॅसवर तेल लवकर काळं पडत नाही, म्हणून मालक ते लांबवतो. काडीवर सोनेरी दिसतंय, कशाला बदलायचं? पण उष्णता रिंगला लागतेच. फार काळ तापलेलं नायट्रिल कडक होतं, आणि असा डबा काढला की रिंग वाकवताच तडा जातो.

आता रिंगच्या दर्जाबद्दल. उल्हासनगरचं नाव काढलं की मुंबईकर 'मेड इन यूएसए'चा, म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन'चा, जुना विनोद करतो. युद्धकाळातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, 8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी वसाहतीला उल्हासनगर नाव दिलं, आणि रिकाम्या हातानं आलेल्या माणसांनी मिळेल ते बनवून विकलं. नकलेचा शिक्का तेव्हापासूनचा. मला तो अर्धाच पटतो. नकली फिल्टर कुठल्याही शहराच्या बाजारात मिळतो, खोकंही हुबेहूब असतं. इथला मिस्त्री खोक्यावर विसंबत नाही. रिंगवर नख दाबतो. खूण लगेच भरून आली तर ठीक, राहिली तर डबा परत. मग मधले आटे बोटानं चाचपतो. होलोग्रामपेक्षा या परीक्षेवर माझा जास्त विश्वास आहे.

बऱ्याच नव्या गाड्यांत पत्र्याचा डबा गेला आणि प्लॅस्टिकच्या टोपीत नुसता कागद बसवायची पद्धत परत आली. अशा कित्येक टोप्यांवर 25 न्यूटन-मीटर असं छापलेलं असतं. टोपीला दोन-तीन खाचा असतात आणि ओ-रिंग त्यांतल्या एकाच खाचेत बसवायची असते. चुकीच्या खाचेतली कितीही आवळली तरी गळते, आणि जास्त आवळलं तर टोपीच तडकते. जुन्या हातांना इथे अडचण होते, कारण रिंग टेकल्याचा तो ओळखीचा क्षण प्लॅस्टिकमध्ये नीट कळत नाही. अंबरनाथच्या एका गॅरेजात टॉर्क पाना आणलाय. तो तेलकट हातांनी वापरायचा नाही असा मालकाचा दंडक आहे, त्यामुळे पोरं तो फारसा वापरतच नाहीत.