मिश्रणाचा तास, मिरचीचा ठिपका

पुडीत दोन पदार्थ आहेत, एवढंच मुलांना सांगितलेलं असतं. दिसायला एकच मळकट पांढरी भुकटी. कुहीच्या आमच्या प्रयोगशाळेत बी.एस्सी.ची मुलं ही पुडी उघडतात ती थोड्या धास्तीनेच, कारण प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत मिश्रण कोणतं आलं यावर बरंच काही ठरतं.

सुरुवात बायकार्बोनेटने. चंचुपात्रात भुकटी, वर सोडियम बायकार्बोनेटचं द्रावण. आम्ल असेल तर लगेच फसफसतं, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे वर येतात आणि आम्ल मीठ होऊन पाण्यात उतरतं. उरलेला पदार्थ तळाशी राहतो. तो गाळून घेतला की गाळण कागदावर एक आणि गाळलेल्या पाण्यात दुसरा, असे दोघे वेगळे झाले. आता त्या नितळ पाण्यात थेंबथेंब हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं. काही थेंबांपर्यंत नुसतंच फसफसतं. मग अचानक पाणी गढूळ होतं आणि पांढरा साका खाली बसू लागतो. हे बेंझोइक आम्ल. गरम पाण्यात विरघळवून सावकाश थंड होऊ दिलं की चकचकीत पापुद्र्यांसारखे स्फटिक तयार होतात. थंड पाण्यात ते लीटरला साडेतीन ग्रॅमच्या आसपासच विरघळतं, म्हणून बाकीचं सगळं बाहेर पडतं. घाई करून भांडं नळाखाली धरलं तर स्फटिकांऐवजी पीठ मिळतं, आणि त्या पिठात मळ अडकून राहतो.

इथपर्यंत बहुतेक मुलं येतात. खरी कसोटी पुढे आहे.

एका टोकाला बंद केलेल्या काचेच्या बारीक नळीत कोरडी भुकटी ठोकून भरायची, नळी थर्मामीटरला बांधायची, लिक्विड पॅराफिनमध्ये सोडून मंद आचेवर तापवायची. शंभरच्या पुढे गेल्यावर डोळा हलवायचा नाही. आधी भुकटीच्या कडांना घाम फुटतो, ती आकसते, आणि मग एका क्षणी नळीत स्वच्छ थेंब दिसतो. पदार्थ शुद्ध असेल तर हे सगळं एखाद्या अंशात उरकतं. एकशे बारापासून अठरापर्यंत रेंगाळलं, तर तो नीट धुतलेला नाही किंवा वाळलेला नाही.

बेंझोइक आम्ल वितळतं 122 अंशांना. एका मुलीने गाळण कागदावरचा दुसरा पदार्थही वाळवून लावला आणि गोंधळून म्हणाली, "सर, याचं बी एकशे बावीसच आलं. मग दोन्ही एकच काहून नाही?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. तिच्या कागदावर बीटा-नॅफ्थॉल होतं, आणि तेही 122 ते 123 अंशांनाच वितळतं. नुसता आकडा पाहून वहीत नाव लिहिणारा इथे हमखास फसतो. तिला मी दोन्ही पदार्थ चिमूटभर एकत्र खलायला लावले आणि ते मिश्रण नळीत भरायला सांगितलं. पदार्थ एकच असता तर पुन्हा 122 आलं असतं. पण नळीतली भुकटी कितीतरी आधीच ओली पडली आणि वितळत वितळत वर सरकत राहिली. मग फेरिक क्लोराइडचा एक थेंब: बीटा-नॅफ्थॉलला हिरवट छटा, बेंझोएटच्या द्रावणात फिकट मातकट साका. पदार्थ वेगळे करणं हे अर्धंच काम. ओळख पटवायची तर एका साक्षीवर निकाल देता येत नाही. पहिलीशी काही संबंध नसलेली दुसरी साक्ष लागते.

बीटा-नॅफ्थॉलची ती तपकिरी पडत चाललेली बाटली आमच्याकडे आणखी एका कामाला येते. मिश्रणात ॲनिलीनसारखं अमाइन असेल तर त्याची खात्री रंगाच्या परीक्षेने करतात. ॲनिलीन आम्लात विरघळवून, बर्फात ठेवून, सोडियम नायट्राइट घालायचं. तापमान पाच अंशांच्या खाली राहिलं पाहिजे, नाहीतर तयार झालेलं डायझोनियम तुटतं आणि नायट्रोजनचे बुडबुडे सोडून देतं. मार्च-एप्रिलच्या आमच्या उन्हात बर्फ टिकवणं हेच अर्धं प्रात्यक्षिक असतं. मग हे थंडगार द्रावण बीटा-नॅफ्थॉलच्या अल्कधर्मी द्रावणात ओतलं की डोळे दिपवणारा नारिंगी-लाल रंग उमटतो. मुलं खूश होतात, वहीत 'अमाइन निश्चित' असं लिहितात.

त्या रंगाचं नाव सुदान-१. मेण, तेलं, पॉलिश रंगवण्यासाठीचा हा रंग. फ्रान्समध्ये 2003 साली भारतातून गेलेल्या मिरचीच्या मालात तो सापडला आणि युरोपने तपासणी सक्तीची केली. फेब्रुवारी 2005 मध्ये ब्रिटनमध्ये एका सॉसमधल्या तिखटात तो आढळला आणि त्या सॉसमुळे शेकडो खाद्यपदार्थ दुकानांतून परत मागवावे लागले. ते तिखटही भारतातूनच गेलं होतं.

हे मी कुहीत बसून सांगतो तेव्हा वर्गात शांतता पसरते. इथल्या मुलांना मिरची पुस्तकातून शिकवावी लागत नाही. भौगोलिक मानांकन मिळालेली भिवापुरी मिरची शेजारचीच. हंगामात सातऱ्यांवर, म्हणजे मिरची निवडायच्या जागांवर, लाल ढीग पडतात, डोक्याला-तोंडाला पदर गुंडाळून बाया दिवसभर देठ खुडतात, आणि त्यांच्या हातांची आग रात्री झोपतानाही जात नाही. त्यातल्या कोणाची तरी लेक माझ्या वर्गात बसलेली असते. तो रंग कष्टाने आलेला आहे. त्यात कोणी पॉलिशचा रंग मिसळावा याचा मला संताप येतो.

म्हणून मिश्रणाचा तास संपला की मी मुलांना घरचं तिखट आणायला सांगतो. चिमूटभर तिखट ॲसिटोनमध्ये हलवून गाळायचं. काचपट्टीवर सिलिका जेलचा पातळ थर, ओव्हनमध्ये 110 अंशांना तापवून घेतलेला. खालून सेंटिमीटरभर सोडून पेन्सिलीची रेघ. शाईची नको, शाईचेच रंग वर चढू लागतात. ज्योतीवर ओढून केलेल्या केसासारख्या नळीने रेघेवर ठिपका ठेवायचा, वाळू द्यायचा, त्यावरच पुन्हा ठेवायचा. मग सगळे बर्नर बंद करून पट्टी झाकणाच्या भांड्यात उभी करायची, तळाशी पेट्रोलियम इथर आणि थोडं ॲसिटोन. पेट्रोलियम इथरही बघून घ्यावं लागतं: 40 ते 60 अंशांना उकळणारं आमच्या मे महिन्यात बाटलीतच अस्वस्थ होतं, 60 ते 80चं बरं.

द्रव सिलिकात वर चढू लागतो आणि एका लाल ठिपक्यातून रंगांची रांग बाहेर पडते. सगळ्यात पुढे पिवळं बीटा-कॅरोटीन. त्यामागे नारिंगी-लाल पट्टे: मिरचीचा मुख्य रंग कॅप्सँथिन, पण पिकलेल्या मिरचीत तो बहुतांश मेदाम्लांना जोडलेला असतो. दोन मेदाम्लं जोडलेला पुढे पळतो, एक जोडलेला मागे, मोकळा त्याहून मागे रेंगाळतो. 1927 साली हंगेरीत झेकमाइस्टर आणि चोलनोकी यांनी हा कॅप्सँथिन तिथल्या पाप्रिका मिरचीतून वेगळा काढला. ज्याने ठसका लागतो ते कॅप्सेसिन मात्र रंगहीन. साध्या डोळ्यांना ते पट्टीवर दिसतच नाही.

त्याच पट्टीवर शेजारी आम्ही स्वतः बनवलेल्या सुदान-१चा ठिपका ठेवलेला असतो. अडचण अशी की तोही वरच चढतो, मिरचीच्या पट्ट्यांच्या आसपास. म्हणजे पुन्हा तोच 122 अंशांचा पेच. तेव्हा द्रवांचं प्रमाण बदलून दुसरी पट्टी लावायची आणि संशयित ठिपका याही वेळी सुदानच्याच उंचीला थांबतो का ते बघायचं. तिसरी साक्ष तीव्र गंधकाम्लाची. मिरचीच्या खऱ्या रंगावर त्याचा थेंब पडला की लाल डाग बघता बघता निळा होतो. सुदानचा होत नाही. मुलं हा निळा रंग पाहायला एकमेकांच्या खांद्यावरून वाकतात. ठिपक्यांभोवती पेन्सिलीने लगेच खुणा करून ठेवायच्या, कारण मिरचीचे रंग उजेडात आणि हवेत फिके पडत जातात.

आमच्या पट्टीची मर्यादाही मुलांना ठाऊक असली पाहिजे. लाखात एखादा भाग मिसळलेला असेल तर तो हिच्यावर सुटू शकतो. त्यासाठी मोठ्या प्रयोगशाळांतली उच्चदाब द्रव क्रोमॅटोग्राफी लागते. आणि आमच्या पट्टीच्या जोरावर कोणत्याही दुकानदाराकडे बोट दाखवायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी बजावतो. तिखटात बाहेरचा रंग घालायला आपल्याकडे परवानगीच नाही, पण तो घातला आहे हे ठरवायचा मार्ग कायद्याने आखलेला आहे. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, 2006, कलम 40: कोणताही ग्राहक विकत घेतलेला पदार्थ फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. तसा आपला इरादा खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगावा लागतो. माल नियमात बसत नसल्याचा अहवाल आला तर भरलेली फी परत मिळते. हे कलम मी फळ्यावर लिहितो आणि मुलांना वहीत, सुदान-१च्या ठिपक्याच्या आकृतीखालीच उतरवून घ्यायला लावतो.