आपला संगणक कोणाचा शब्द मानतो?

मंडळी, तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस लिनक्सवर काय बोलणार, असं काहींच्या मनात असेल. पण आजचा प्रश्न मुळात प्रमाणांचाच आहे. जी गोष्ट आपण स्वतः तपासू शकत नाही, तिच्याबद्दल कोणाचा शब्द मानायचा? न्यायदर्शनात याला शब्दप्रमाण म्हणतात, आणि ज्याचा शब्द मानावा तो आप्त. डेबियन आणि उबंटूमध्ये सॉफ्टवेअर आणणाऱ्या साधनाचं नाव ॲप्ट. उच्चारातलं साम्य निव्वळ योगायोग आहे, पण मला काही ते सोडवत नाही!

आता हे ॲप्ट कोणाचं ऐकतं? इटीसी फोल्डरमध्ये ॲप्ट नावाचं फोल्डर असतं, त्यात सोर्सेस डॉट लिस्ट ही फाइल. तिच्यातली एकेक ओळ म्हणजे एकेक सोर्स: आधी ‘डेब’ हा शब्द, मग पत्ता, मग ‘बुकवर्म’सारखं आवृत्तीचं नाव, मग मेन, कॉन्ट्रिब असे विभाग. उबंटू २४.०४ मध्ये मांडणी थोडी बदलली आहे, आशय तोच. तुम्ही ‘ॲप्ट अपडेट’ म्हणता तेव्हा सॉफ्टवेअर बदलत नाही बरं का, फक्त या पत्त्यांवरच्या ताज्या याद्या येतात. त्या यादीवर सही असते. सही केलेल्या फाइलमध्ये पॅकेजांच्या याद्यांचे हॅश, म्हणजे बोटांचे ठसेच म्हणा, आणि त्या याद्यांमध्ये प्रत्येक पॅकेजचा हॅश. अशी ही साखळी. डेबियनमध्ये ही तपासणी २००७ च्या चौथ्या आवृत्तीपासून आहे. त्यामुळे मिरर कुठलाही असला तरी बिघडत नाही. पोस्टमन अनोळखी असेना का, पत्रावरचं अक्षर ओळखीचं आहे ना?

खरी गडबड पुढे आहे. एखादं सॉफ्टवेअर हवं असतं, कुठेतरी तीन ओळी सापडतात, आपण त्या टर्मिनलमध्ये चिकटवतो आणि पासवर्ड देतो. झालं! एक नवा आप्त घरात आला. पॅकेज बसताना त्यातल्या स्क्रिप्ट रूटच्या अधिकाराने चालतात. याच संगणकावर आपण बँकेचे व्यवहार करतो, हे तेव्हा आठवत नाही.

वात्स्यायनाच्या भाष्यातलं आप्ताचं लक्षण मला फार आवडतं. ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष माहीत आहे आणि जशी आहे तशी सांगायची इच्छा आहे, तो आप्त. मग तो ऋषी असो की म्लेच्छ. म्हणजे आप्तपणा त्या त्या गोष्टीपुरता असतो. वैद्य औषधाबद्दल आप्त, जमिनीच्या सातबाऱ्याबद्दल नव्हे. जुनी ‘ॲप्ट-की’ ही आज्ञा नेमकं हेच विसरत होती. तिने घेतलेली किल्ली सगळ्याच सोर्ससाठी ग्राह्य धरली जाई. आता ती पद्धत मोडीत निघाली आहे. सोर्सच्या ओळीत ‘साइन्ड-बाय’ लिहून ही किल्ली याच सोर्सपुरती, असं बांधून टाकता येतं.

पण इथेच थांबू नका, कारण बहुतेक लोक इथेच थांबतात. साइन्ड-बायने किल्ली सोर्सला बांधली. त्या सोर्सने कोणती पॅकेजं द्यावीत हे बांधलं नाही! सगळ्या सोर्सचा अग्रक्रम सारखा, म्हणजे ५००, असेल तर ॲप्ट सरळ वरची आवृत्ती उचलतं. ब्राउझरसाठी आणलेल्या सोर्सने उद्या वरच्या क्रमांकाची मूळ सी लायब्ररी ठेवली, तर नेहमीच्या अपग्रेडमध्ये तीही येईल. उपाय आहे पिनिंग. प्रेफरन्सेस फाइलमध्ये त्या सोर्सच्या सगळ्या पॅकेजांना उणे १ अग्रक्रम द्यायचा आणि हव्या त्या एकाच पॅकेजला ५००. नाव घेऊन लिहिलेला नियम सरसकट नियमावर मात करतो. त्या पॅकेजला दुसरं काही लागत असेल तर त्याचंही नाव लिहावं लागतं. कटकट आहे, पण करावी.

आणि सही खरी म्हणजे माल चांगला, असंही नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या पॅकेजच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. तो मूळ प्रकल्पाचा विश्वास कमावून बसलेल्या सहदेखभालकर्त्याच्या नावानेच आत आला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा संशय आला, म्हणून ते उघडकीस आलं. डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल शाखांत त्या आवृत्त्या पोचल्या होत्या, रीतसर सहीनिशी! स्टेबलमध्ये मात्र पोचल्या नव्हत्या. ‘नवी आवृत्ती हवी’ म्हणून स्टेबलच्या यादीत टेस्टिंगची ओळ घुसवणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

घरी गेल्यावर सोर्सेस डॉट लिस्ट डॉट डी हे फोल्डर उघडा. काही पॅकेजं बसताना आपली सोर्स फाइल स्वतःच तिथे ठेवून जातात, तेव्हा अनोळखी नावं दिसतील. मग ‘ॲप्ट पॉलिसी’ आणि पुढे पॅकेजचं नाव लिहा; कोणती आवृत्ती कुठून, किती अग्रक्रमाने येते ते समोर दिसेल. नको असलेल्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाका, म्हणजे ती निष्क्रिय होते. त्या सोर्सवरून आधी आलेली पॅकेजं मात्र त्याने जात नाहीत, ती वेगळी काढावी लागतात. ती कशी, ते प्रश्नोत्तरांत बघू.