चिमणी थंडीत फुगते का?

मार्गशीर्षातल्या एखाद्या गार सकाळी अंगणात मूठभर बाजरी पसरा आणि लांबून पाहा. दाणे टिपणारी चिमणी लोकरीच्या गुंड्यासारखी फुगलेली दिसेल. असे का बरे?

चिमणीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सियस असते. भोवतालची हवा १२ अंश असेल, तर उष्णता सतत बाहेर जाणारच. त्यातून शरीर लहान! १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर व घनफळ १ घन सेंटिमीटर. २ सेंटिमीटर बाजू घेतली, तर हेच आकडे २४ व ८. म्हणजे गुणोत्तर ६ वरून ३ वर येते. वस्तू जितकी लहान, तितकी ती लवकर निवते. म्हणून चिमणी पिसे फुगवून त्यांत हवा कोंडते. हवा उष्णतेची मंदवाहक आहे.

मग भिगवणजवळ, उजनी जलाशयाच्या पाण्यात उघड्या पायांनी उभा राहणारा रोहित पक्षी गारठत कसा नाही? त्याच्या पायांत खाली जाणारे ऊन रक्त व वर येणारे गार रक्त शेजारशेजारच्या वाहिन्यांतून वाहते. ऊन रक्ताची उष्णता गार रक्त घेते व शरीरात परत नेते.

तरी थोडी उष्णता जातेच. ती अन्नातूनच भरून काढावी लागते. उडायला तर बसून राहण्यापेक्षा कितीतरी पट ऊर्जा लागते. म्हणून छायाचित्रासाठी थव्यावर होडी नेऊन पक्षी उडवू नका. आणि चिमणी दाणे टिपत असेल, तेव्हा अंगणाचे दारही हळूच उघडा!