कोयत्याची मोजणी

समाजशास्त्रीय संशोधन हे विद्यापीठाच्या आवारातले काम, संसारी माणसाला त्याचे काय, असा समज सर्वत्र आढळतो. नगर जिल्ह्यात तरी (अलीकडे त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे) हा समज टिकावयास नको होता. अर्थकारण आणि राजकारण यांचा जागेवर जाऊन शोध घेणारी दोन नामांकित संशोधने येथेच झाली.

पहिले कालव्यांचे. प्रवरेवरील भंडारदरा धरण 1926 साली पुरे झाले. दुष्काळी मुलुखाचे रक्षण हा अशा कामांचा मूळ हेतू. पण पाणीपट्टीची वही उघडली की कालवा तोट्यात दिसे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने 1948 साली गोदावरी व प्रवरा कालव्यांवरील धनंजयराव गाडगीळांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात वहीत न मावणारे अप्रत्यक्ष लाभही मोजावयास घेतले होते. वही कोठे संपवावयाची हे ठरविले की कालवा फायद्याचा की तोट्याचा हेही निम्मे ठरून जाते, हे आम्ही त्यातून शिकलो. पुढे 1950 साली लोणीस विठ्ठलराव विखे पाटलांच्या खटपटीने सहकारी साखर कारखाना सुरू झाला, त्याचे पहिले अध्यक्ष हेच गाडगीळ. अहवाल लिहून स्वस्थ न बसणारे पंडित विरळाच!

दुसरे संशोधन बी. एस. बाविस्करांचे. कोपरगावच्या सहकारी कारखान्याचा त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्यावरील इंग्रजी ग्रंथ 1980 साली निघाला. कारखान्याची निवडणूक आणि गावचे, तालुक्याचे राजकारण एकमेकांत कसे गुंतलेले असते, हे त्यात उलगडले आहे. गटबाजी कितीही माजली तरी ऊस वेळेवर गाळला जावा यात सर्व गटांचे हित एकच, म्हणून कारखाना चालतो, असे त्यांचे म्हणणे आम्ही समजतो. बारा महिने संचालकांशी वाटाघाटी करणाऱ्यास ते पटण्यासारखे आहे.

मात्र सभासद तो, ज्याचा ऊस. ऊस तोडणाऱ्यास तेथे मत नाही. कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर हा कालव्याचा भाग. पाथर्डी, शेवगाव, जामखेड हा जिरायतीचा. एकाच जिल्ह्यातला एक भाग ऊस लावतो आणि दुसरा तो तोडावयास घर सोडतो. तोडणीची मोजणी माणसांत होत नाही, कोयत्यात होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर आणि कागदावर नाव असते नवऱ्याचे. म्हणजे मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरणारी बाई हिशेबात अर्धी, आणि कागदावर तीही नाही.

तिची मोजणी झाली की काय निघते पाहा. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांबद्दल बोभाटा झाला तेव्हा 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 82,309 स्त्रियांची पाहणी झाली; त्यांतील 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. तोवर ही बाजारगप्प होती. आकडा आल्यावर ती बाजारगप्प राहिली नाही.

आता यंत्र आले आहे. 2023 साली राज्यात 900 ऊसतोडणी यंत्रांना अनुदान देण्याचे ठरले. किमतीच्या 40 टक्के किंवा 35 लाख रुपये, यांत जे कमी ते. जोडपे दिवसाकाठी दीड-दोन टन तोडते, यंत्र शंभरावर टन. आम्ही यंत्राचे शत्रू नव्हे. थंडीत पहाटे तीनला फडात उतरणे कोणाच्या लेकीसुनेच्या वाट्यास यावे असे आम्हांस वाटत नाही. परंतु यंत्राला रुंद सरी आणि मोठे रान लागते. ते सरळ, सपाट फड घेईल. पडलेला ऊस, चिखलाचे रान आणि गुंठ्यांचे तुकडे कोयत्याकडे राहतील. तेथे टन कमी भरतो आणि मजुरी तर टनावर. दर 2024 च्या जानेवारीत 34 टक्क्यांनी वाढला खरा, पण टनच कमी भरला तर दराने काय होणार? शिवाय वाढे. वाढे विकून बाईच्या हाती रोजचा रोख पैसा येतो, मीठ-मिरची त्यावर चालते. यंत्र शेंडा छाटून रानातच टाकते. हे वाढे आजवर कोणत्या वहीत आहे?

उसाला पाणी केव्हा द्यावे, तोड केव्हा घ्यावी हे संगणकाकडून ठरविण्याचे प्रयोग बारामतीस सुरू झाले आहेत. राज्याने 2025 साली शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी धोरणही मंजूर केले. तेथेही जमेला धरले जाते ते एकरी उत्पन्न आणि वाचलेले पाणी.

गाडगीळांनी कालव्याला लावला तो हिशेब यंत्राला लावावा, एवढीच आमची मागणी आहे. यंत्र आलेल्या फडांत आणि न आलेल्या फडांत जोडप्याचे दिवस किती भरले, उचल किती फिटली, मागे किती राहिली, मुले शाळेत राहिली की नाही. आणि बाईचे नाव वेगळ्या ओळीत. त्यासाठी मोठी संस्था लागत नाही. नगरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी आणि युनियनचे कार्यकर्ते मिळून दहा-वीस गावे सहज होतील. टोळ्या नुकत्याच घरी परतल्या आहेत. दसरा झाला की ट्रक पुन्हा भरू लागतात, तेव्हा घरोघर कुलूप असते.