पाठ वाकते ती टेबलामुळे

जयपूर फूट, कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी) किंवा सॉकेट (कृत्रिम पायाची उरलेल्या पायावर बसणारी खोबण) बनवणाऱ्या तंत्रज्ञाने मान दुखते, कंबर धरते असं सांगितलं, की उत्तर ठरलेलं असतं: "तू वाकडा बसतोस. ताठ बसायची सवय लाव." घरचे हेच सांगतात, पर्यवेक्षक हेच सांगतात. ऐकून ऐकून तंत्रज्ञालाही दोष आपलाच वाटू लागतो. हा समज साफ चुकीचा आहे, आणि तो पुन्हापुन्हा ऐकून आता चीड येते.

आधी काम बघा. रुग्णाच्या पायावर प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून माप घेतात. त्या पोकळ साच्यात प्लास्टर ओतून भरीव साचा काढतात. त्यातून बाहेर आलेला लोखंडी दांडा व्हाइसमध्ये आवळतात आणि मग कानस चालते. जिथे भार सोसवतो तिथे प्लास्टर उतरवायचं, हाड वर आलेलं असेल तिथे चढवायचं. घासायला जोर लागतो, म्हणून साचा कोपरापेक्षा बराच खाली हवा. तरच अंगाचं वजन कामी येतं. पण दोन-तीन मिलिमीटरचा उंचसखलपणा नजरेने टिपायचा तर तोच साचा कोपराच्या वर हवा. व्हाइस मात्र टेबलाला एकाच उंचीवर कायमचा ठोकलेला. मधलं अंतर मानेला आणि कमरेलाच भरून काढावं लागतं. उंच माणूस कमरेत वाकतो, बुटका खांदे उचलून घासतो. यात सवयीचा संबंध कुठे आला?

पाय बसवून बघतानाही तेच. रुग्ण समांतर दांड्यांच्या मध्ये उभा असतो. टाच टेकते का, नळी कलते का, हे जमिनीलगतच दिसतं. तंत्रज्ञ गुडघ्यांवर बसून मान वळवतो आणि स्क्रू फिरवतो. कृत्रिम पाय बसवण्याच्या शिबिरात तर टेबलही जे मिळेल ते. ताठ बसून हे काम करून दाखवावं कुणीतरी!

केवळ शिकवणीने पाठ वाचते, याला पुरावा नाही. ओझं कसं उचलावं याच्या प्रशिक्षणावरच्या अभ्यासांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने 2011 साली आढावा घेतला. अशा सल्ल्याने पाठदुखी टळते असं त्यात आढळलं नाही. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने 1997 साली कामाशी निगडित दुखण्यांवरचं संशोधन तपासलं. मनगट आणि कोपराच्या बाबतीत सर्वांत भक्कम पुरावा मिळाला तो जोर, तीच ती हालचाल आणि अवघड स्थिती एकत्र येण्याबद्दल. कानस हातात धरून दिवस काढणाऱ्याच्या वाट्याला तिन्ही येतात.

म्हणून बदल टेबलात हवा. उंची खालीवर होणारा व्हाइस, रुग्णाला उभं करायला मजबूत कठडा असलेला चौथरा, गुडघ्यांखाली जाड गादी, ओला जड साचा हलवायला चाकांची गाडी, आणि घासकाम दिवसभर एकाच माणसाकडे न ठेवता आलटून पालटून. यातल्या बऱ्याच गोष्टी गावचा फॅब्रिकेटरही बनवून देईल.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. कमरेला पट्टा बांधला की धोका टळतो: निरोगी कामगाराची दुखापत त्याने टळते हे सिद्ध झालेलं नाही, असं नायॉशने 1994 सालीच सांगितलंय. आपल्या माणसांना उकिडवं बसायची सवय असते: सवय असली तरी वर्षानुवर्षं तासन्तास तसं काम करणाऱ्यांत गुडघ्याची झीज जास्त आढळते. ग्राइंडरची थरथर हाताच्या अंगवळणी पडते: पडत नाही, युरोपने 2002 साली तिच्यावर रोजची मर्यादा घातली ती बोटं पांढरी पडतात आणि नसा बिघडतात म्हणूनच. संगणकावर साचा कोरला की प्रश्न मिटला: प्लास्टिकच्या कडा घासणं आणि पाय रुग्णाला बसवणं हातानेच राहतं.

आणि "रात्री हाताला मुंग्या येतात, झोपेत हात दबला असेल" हेही सोडून द्या. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट वारंवार बधिर होत असेल तर मनगटातली नस दाबली जात असण्याची शक्यता मोठी. वेळेत डॉक्टरांना दाखवलं तर बऱ्याचदा रात्री मनगटाला बांधायची आधारपट्टी आणि कामातला बदल पुरतो. उशीर झाला, की अंगठ्याच्या मुळाशी स्नायू झिजू लागतो आणि कानशीवरची पकडच सैल पडते.