पोरांचे लघुपट आणि आपला काटा



आपल्यापैकी पुष्कळांची मुले-मुली शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगरात राहतात. औरंगपुरा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे महात्मा फुल्यांचा पुतळा येतो, पुस्तकांची दुकाने येतात आणि 1915 साली सुरू झालेल्या सरस्वती भुवन संस्थेचे कॉलेज येते. जूनमध्ये पोराला घेऊन पुस्तकांसाठी तिथे चक्कर मारली नाही, असा बाप आपल्याकडे विरळाच. हीच पोरं आता खिशातल्या मोबाईलवर पाच-दहा मिनिटांचे चित्रपट काढू लागली आहेत. यालाच लघुपट म्हणतात. मित्रांना दाखवायचे, चार जणांनी वाहवा करायची आणि विसरून जायचे, असे त्यातल्या बहुतेकांचे होते. अशा विद्यार्थ्यांच्या लघुपटांचा एक दिवसाचा महोत्सव औरंगपुऱ्यात भरवायचा झाला तर तो कसा भरवावा, आणि त्यात आपल्यासारख्या ऊसवाल्यांचे काय काम, याचा विचार या लेखात आम्ही मांडीत आहोत.

कोणी म्हणेल, साखरेच्या कारखान्याला सिनेमाशी काय करायचे आहे? त्यांना आम्ही गुजरातचा दाखला देऊ. 1976 साली श्याम बेनेगल यांनी 'मंथन' हा चित्रपट काढला. त्याला पैसा दिला तो तिथल्या सहकारी दूध संघांच्या 5 लाख शेतकऱ्यांनी, प्रत्येकी 2 रुपये घालून. दहा लाखांचा चित्रपट झाला आणि मालक कोण, तर दूध घालणारा शेतकरी! हाच चित्रपट दुरुस्त करून 2024 साली फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखविण्यात आला. शेअर भांडवल म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. ते कशाकशाला लावता येते, एवढेच त्या मंडळींकडून शिकण्यासारखे आहे.

लघुपट म्हणजे पोरखेळ नव्हे

आपल्या देशातल्या कथाचित्रपटाची सुरुवात ज्यांच्यापासून धरतात ते दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी काय करीत होते? 1912 साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि कोंब फुटून वेल वर चढेपर्यंत रोज थोडेथोडे चित्रण केले. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली. ती पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला आणि पुढचा इतिहास घडला. शेतकऱ्याने रोज बांधावरून पाहिलेली गोष्ट, पण पडद्यावर आली तेव्हा लोक थक्क झाले.

अलीकडचे उदाहरण आपल्या आणखी जवळचे आहे. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) न्यू आर्ट्स कॉलेजात शिकत असताना त्यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. शाळेची ओढ असलेल्या एका गरीब पोराची ती गोष्ट. 2010 सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पहिल्या प्रयत्नाचा पुरस्कार तिला मिळाला. 'फँड्री' आणि 'सैराट' त्यानंतरचे. म्हणजे ज्या झाडाची फळे साऱ्या महाराष्ट्राने खाल्ली, त्याचे रोप कॉलेजच्या अभ्यासात लागले होते.

छत्रपती संभाजीनगरात अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. 2025 च्या जानेवारीत त्याचे दहावे वर्ष झाले आणि सई परांजपे यांना पद्मपाणी पुरस्कार देण्यात आला. जगभरचे चित्रपट त्यात पाहायला मिळतात. आपल्या पोरांनी तिथे जरूर जावे, बघावे, शिकावे. पण पहिल्यांदाच कॅमेरा धरणाऱ्या पोराला त्याआधी एक लहान आखाडा लागतो. गावच्या जत्रेत कुस्ती खेळल्याशिवाय कोणी थेट मोठ्या मैदानात उतरत नाही.

निवेदन कधी काढावे

महोत्सव भरवणाऱ्याचे पहिले काम म्हणजे लघुपट मागवण्याचे निवेदन. कॉलेजे ते बहुधा आपल्या सोयीने काढतील. आमचे म्हणणे असे की ते दिवाळीच्या सुमारास निघावे. त्याच वेळी टोळ्या येतात, मोळी पडते, गळीत सुरू होते. पुढचे चार-पाच महिने फड, गाड्या, वाढे, कारखान्याचे भोंगे हे सारे पोरांच्या डोळ्यांपुढे असते. लघुपट मेअखेरपर्यंत घ्यावेत, म्हणजे परीक्षाही आटोपतात. प्रदर्शन ऑगस्टमध्ये ठेवावे, कारण तेव्हा कारखाना बंद असतो आणि आपल्यालाही पोरांनी काय केले ते बघायला सवड असते. तोडणी कामगारांची शिकणारी मुलेही तोवर आपापल्या गावी परतलेली असतात. त्यांना वगळून महोत्सव भरवण्यात अर्थ नाही.

निवेदनात नियम मोजके पण स्वच्छ असावेत. लघुपट जास्तीत जास्त 15 मिनिटांचा. विद्यार्थी असल्याचा कॉलेजचा दाखला. प्रवेश फी नाही. अहिराणी असो की लमाणी, बोली कोणतीही चालेल, मात्र खाली मराठीत संवाद लिहिलेले हवेत. लघुपटाची मालकी पोराकडेच राहील, महोत्सवाला फक्त त्या दिवशी दाखवण्याची परवानगी. हा शेवटचा नियम ठळक अक्षरांत छापावा.

गाण्यांचे प्रकरण पोरांना आधीच समजावून सांगावे. सिनेमातले गाणे उचलून मागे लावले की 1957 च्या कॉपीराइट कायद्याची अडचण येते, आणि चांगला लघुपट दारातच अडतो. त्यापेक्षा घरातल्या आजीची ओवी किंवा रहाटाचा, नाही तर बैलांच्या घुंगरांचा आवाज स्वतः टिपावा. फुकटही आहे आणि आपलाही आहे. दुसरी अडचण आवाजाची. उघड्या रानात वारा मोबाईलमध्ये घुसतो आणि बोललेले कळत नाही. चित्र थोडे अंधुक असले तरी लोक बघतात, पण शब्द कळला नाही तर उठून जातात.

भरवणाऱ्यांनी सरकारी बाजूही पाहावी. ज्या चित्रपटाला सेन्सॉरचे प्रमाणपत्र नाही, तो महोत्सवात दाखवायचा तर केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते. अर्ज वेळेत करावा, ऐनवेळी धावपळ नको.

निवड म्हणजे वजनकाटा

आता मुख्य मुद्दा. समजा 60 लघुपट आले. प्रत्येकी 15 मिनिटे धरली तर सगळे एकदा पाहायलाच 15 तास लागतात. दिवसभरात चहापाणी, भाषणे वगळून 5 तास दाखवता येतील, म्हणजे 20 लघुपट. बाकीचे 40 परत. या 40 पोरांना जर वाटले की आपल्यावर अन्याय झाला, तर पुढच्या वर्षी कोणी फिरकणार नाही.

सभासदाचा कारखान्यावर विश्वास कशावर बसतो? काट्यावर. गाडी कोणाची आहे हे काट्याला कळत नाही. संचालकाची असो की दोन गुंठेवाल्याची, वजन भरेल तेवढेच. लघुपटाच्या निवडीतही तसेच पाहिजे. परीक्षकांपुढे नाव, आडनाव, कॉलेज काही जाऊ नये, फक्त नंबर जावा. प्रत्येक लघुपट किमान दोघांनी पूर्ण पाहावा. पहिली दोन मिनिटे बघून बाजूला टाकू नये. आणि परत गेलेल्या प्रत्येक पोराला, काय कमी पडले, ते चार ओळींत लिहून कळवावे. आपल्या शेतकी खात्याचा माणूस उतारा कमी का आला ते सांगतो, तेव्हाच पुढची लागण सुधारते ना!

आपलीच गोष्ट आपल्याला सोसेल का

इथवर सगळे ठीक. पण खरी परीक्षा पोरांची नाही, आपली आहे. समजा एका तोडणी कामगाराच्या मुलीने आपल्याच गटातल्या फडावर लघुपट केला. पहाटेच्या थंडीत कोयता चालवणारी आई, पाचटावर निजवलेले तान्हे लेकरू, मुकादमाची उचल आणि तिचा न संपणारा हिशोब, हे सारे त्यात आहे. तो नंबराने आला, परीक्षकांना आवडला आणि पडद्यावर लागला. समोर आपण बसलेलो आहोत. तेव्हा आपण टाळ्या वाजवू, की "कारखान्याची बदनामी झाली" म्हणून उठून जाऊ?

1975 साली डॉ. जब्बार पटेलांचा 'सामना' बर्लिनच्या महोत्सवात गेला. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या त्या चित्रपटात निळू फुल्यांनी रंगवलेला हिंदुराव हा साखर कारखाना चालवणारा पुढारीच होता, आणि त्याचे रूप काही गोड नव्हते. निर्मिती केली रामदास फुटाणे यांनी. त्यामुळे सहकार बुडाला का? नाही. ज्याला आरशात बघायचे त्याने बघितले. आजही आपले लोक तो चित्रपट आवडीने पाहतात.

म्हणून आमचे सांगणे आहे. आपल्या शेतात, गाडीतळावर कोणी विद्यार्थी चित्रण करायला आला तर त्याला हुसकावू नका. त्यानेही ज्यांचे चित्रण करायचे त्यांची आधी परवानगी घ्यावी, विशेषतः बायामाणसांची आणि लेकरांची, आणि तयार झालेला लघुपट पहिल्यांदा त्यांनाच दाखवावा. दुसऱ्याचे दुःख विकून बक्षीस आणू नये. एवढे पाळल्यावर मग लघुपटात आपले कौतुक आहे की आपल्याला चिमटा आहे, हे पाहण्याचे काम आपले नव्हे. प्रायोजक म्हणून कारखान्याने चार पैसे दिले तरी निवडीत बोट घालू नये. काट्यावर पाय ठेवणाऱ्याला आपण काय म्हणतो ते सर्वांना ठाऊक आहे.

ज्या सभासदांची मुले-मुली औरंगपुऱ्याच्या आसपास शिकत आहेत त्यांनी हा अंक त्यांच्या हाती द्यावा. येत्या वार्षिक सभेत आयत्या वेळच्या विषयांत ही गोष्ट जरूर काढावी. शंभर माणसांच्या सभागृहाचे एका दिवसाचे भाडे, एक पडदा, एक चांगले ध्वनियंत्र आणि दुपारचे जेवण, खर्च काय तो एवढाच. पोराने काय टिपले ते बघायला बापाने एक दिवस काढला, तर त्या पोराला कोणत्याही ढालीपेक्षा ते मोठे वाटेल.