दवण्याची चिनी बहीण

पऱ्हे टाकायचे, मग चिखलात रोवणी करायची, हे भंडाऱ्यातल्या धान पिकवणाऱ्याला शिकवावं लागत नाही. चीनमधली ‘छिंगहाव’ ही औषधी वनस्पतीही अशीच लावतात. तिचं बी इतकं बारीक, की एका ग्रॅममध्ये दहा हजारांवर दाणे भरतात. म्हणून आधी वाफ्यात रोपं, मग शेतात लावणी. शास्त्रीय नाव आर्टेमिसिया ॲन्युआ. जोतिबाला वाहतात तो दवणा हिच्याच कुळातला.

चौथ्या शतकातल्या चिनी वैद्य गे हाँग यांनी हिवतापावर लिहून ठेवलं होतं: मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या. त्यात उकळण्याचं नाव नाही. चिनी संशोधक थू यूयू यांना १९७१ मध्ये त्यातून वाट सापडली. उष्णतेने गुण जातो असं ओळखून त्यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपल्या शेजारच्या गडचिरोलीच्या जंगलातल्या फॅल्सिपॅरम हिवतापावर आज जे संयुक्त औषध देतात, त्याचं मूळ या पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींत आहे. मला हे झाड जवळचं वाटतं ते त्यामुळेच.

भारतात ते रुजवलं लखनौच्या ‘सीमॅप’ या औषधी वनस्पती संशोधन संस्थेने; ‘जीवनरक्षा’, ‘सिम-आरोग्य’ हे त्यांचे वाण. तिकडे हिवाळ्यात रोपं, फेब्रुवारी-मार्चमध्ये लावणी आणि पावसाच्या तोंडावर कापणी. जिथे मामा (माजी मालगुजारी) तलावाचं पाणी उन्हाळ्यातही पुरतं, तिथल्या रिकाम्या बांध्यांना हे वेळापत्रक छान बसेल.

अडचण आहे ती दिवसाच्या लांबीची. दिवस साधारण साडेतेरा तासांहून लहान असला, की हे झाड फुलायची घाई करतं. मग पाला कमी भरतो, आणि औषध तर पाल्यातच. लखनौचा जूनमधला दिवस ही मर्यादा ओलांडतो. भंडाऱ्याचा सर्वांत मोठा दिवस जेमतेम तिच्याजवळ पोचतो. खत-पाणी कितीही दिलं तरी सूर्य काही जास्त वेळ थांबत नाही. त्यामुळे लखनौचं बी आणून इथे टाकणं मला पटत नाही.

इथे हवं उशिरा फुलणारं वाण. शोधायचं तर नकाशावर भंडाऱ्याच्या अक्षांशरेषेवरून पूर्वेकडे बोट सरकवत न्यावं. हनोई लागतं, तेही एकविसाव्या अंशावर. म्हणजे तिथला दिवस आपल्याएवढाच, आणि तरी उत्तर व्हिएतनाममध्ये हे झाड पिकतं. तिथली उशिरा फुलणारी, भरपूर औषध देणारी झाडं ब्राझीलच्या संशोधकांनीही आपल्या संकरासाठी नेली होती. आधी एका बांधीत, कोपऱ्यातल्या एका वाफ्यात, तसलं बी लावून पाहावं आणि कळी कोणत्या आठवड्यात धरते ते लिहून ठेवावं.